बापाला पूल सांगायचा राहिला

पहाटे साडेपाचला युआनलिनच्या बसस्थानकावर पेइरू उभी होती ती मागून एक आणि पुढून एक अशा दोन सॅक लादून. मागची तिची स्वतःची, तेरा देशांची धूळ खाल्लेली, एक बंद तुटलेला. पुढची नवी, आतून रजईच्या तुकड्याचं अस्तर लावलेली, आणि तिच्यात तिचे बाबा.

बाबा म्हणजे त्यांच्या अस्थींचा कलश. चांगला जड, दगडी. पेइरूने तो आधी सवयीने पाठीवर टाकला होता, पण आत्याने दारातच अडवलं. "बापाला पाठीवर घेतात होय? बटाटे आहेत का ते? छातीशी घे." मग आत्याने स्वतःच पट्टे उलटे घालून दिले आणि ओढून घट्ट केले.

ही खिम आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वय एकाहत्तर. फंघू बेटावर राहते, ओहोटी लागली की खडकांवर जाते आणि कालवं, शंख वेचून आणते. ऊन आणि खारं वारं लागू नये म्हणून तिथल्या बायका तोंडाला फडकं गुंडाळतात, तसं तिने आत्ताही गुंडाळलं होतं, फक्त डोळे दिसत होते. भावाला न्यायला ती काल एकटी समुद्र ओलांडून आली, रात्री जेमतेम चार तास झोपली आणि पहाटे पुन्हा ताठ. तिच्या पाठीवर नैवेद्याचं गाठोडं होतं, पेइरूच्या सॅकपेक्षा मोठं. पेइरूने ते मागितलं तर म्हणाली, "तू तुझा बाप सांभाळ, बये. तेवढं केलंस तरी पुष्कळ."

आणि तेवढं करणं सोपं नव्हतं. मेलेल्या माणसाला घरी न्यायचं तर वाटेतलं सगळं त्याला सांगत न्यावं लागतं. आता गाडीत चढायचं, आता उतरायचं, आता पूल आला. पूल तर हमखास सांगायचा. पाणी दिसलं की जीव बिचकतो, कुणी बोलावलं नाही तर अलीकडेच थबकतो. मग अस्थी घरी आणि माणूस पुलाशी, अशी गत. हाक मारायची ती लेकराने. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला अशी हाक मारायची नसते, ते त्याला जड जातं म्हणतात. पेइरू एकुलती एक, आई ती लहान असतानाच वेगळी झालेली. तेव्हा हाक मारणारी दुसरी कोण असणार.

शिवाय दिवसही नेमका आजचा. पंचांगवाल्या म्हाताऱ्याने काढून दिलेला. सूर्य बुडायच्या आत बाबांनी घरचा उंबरा ओलांडायचा. आज हुकलं तर पुढचा दिवस थेट दोन महिन्यांनी, आणि तोवर त्यांनी राहायचं कुठे तर देवळाच्या ओसरीवर, परक्यांच्या कलशांत. माणसाने एकतीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आता मेल्यावरही भाड्याची जागा नको, एवढंच आत्याचं म्हणणं होतं.

गाडी आली. मोठी, लांब पल्ल्याची, पडदे लावलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मोठ्या बॅगा खाली डिकीत टाका."

"पाठीवरच्या टाकते," आत्या म्हणाली. "ती पुढची नाही टाकणार. तो माझा भाऊ आहे."

ड्रायव्हरने मान लववली. "मग पहिल्या सीटवर बसा. पायरी उंच आहे, सांगा त्यांना."

"बाबा, गाडीत चढायचंय," पेइरू पुटपुटली.

"जरा मोठ्याने," आत्या म्हणाली. "सायकलच्या कारखान्यात तीस वर्षं ठोकाठोकी केलीय त्याने. जिवंत होता तेव्हा ऐकू येत नव्हतं, आता काय येणार आहे?"

आता खरं सांगायचं तर पेइरू काही लाजरी मुलगी नव्हती. परक्या मुलखात अनोळखी माणसांकडे रात्रीचा निवारा मागितलेली, ट्रकच्या टपावर बसून डोंगर ओलांडलेली. पण आपल्याच गावच्या गाडीत, पलीकडच्या सीटवर कॉलेजच्या तीन पोरी बसलेल्या असताना, छातीवरच्या सॅकशी मोठ्याने बोलायचं म्हणजे तिला कानकोंडं व्हायला झालं. पहिला लहानसा कालवा आला तेव्हा ती कशीबशी म्हणाली, "बाबा, पूल आलाय." पोरींपैकी एक हसली. ती हसली होती फोनमधलं काहीतरी बघून, पण चोराच्या मनात चांदणं. पेइरूचे कान तापले.

मग आली झुओश्वी नदी. तिच्यावरचा तो लांबच लांब लोखंडी पूल, खाली वाळूत कलिंगडांचे वाफे. आत्या खिडकीला डोकं टेकून घोरत होती. पेइरूने तोंड उघडलं. पोरी गप्प बसल्या होत्या, गाडीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तिने तोंड मिटलं. मनातल्या मनात म्हणावं असंही तिला वाटलं, पण तेही तिने केलं नाही, नुसती वाळूकडे बघत राहिली. पूल संपला.

नदी मागे पडल्यावर आत्या दचकून जागी झाली. "पूल गेला? सांगितलंस ना?"

"हो," पेइरू म्हणाली.

च्याई शहरात दोघी उतरल्या, तिथून बंदराकडे जाणारी साधी बस धरली. ही बस म्हणजे शिक्षाच. पंखा एक, तोही ड्रायव्हरपुरता. दर दोन मिनिटांनी थांबा, दर थांब्याला भाज्यांच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या. पेइरूला बसायला जागा मिळाली ती चाकावरची, गुडघे हनुवटीला लागले, दोन्ही सॅक तिला दोन्हीकडून दाबू लागल्या. आत्या उभीच. कुणी उठून जागा दिली तर म्हणे, "बसले की झोप येते." दीड तास दांडीला धरून उभी राहिली आणि वर शेजारणीला शंखांचं लोणचं कसं घालायचं ते सांगत होती. पेइरूने मोठमोठे गिर्यारोहक पाहिले होते, त्यांची छायाचित्रं भिंतीला लावली होती, पण ही बाई त्यांच्यातल्या कुणाला ऐकली नसती असं तिला मनापासून वाटलं. वाटेत ओढे आले, खाड्या आल्या, आणि पेइरू प्रत्येक वेळी सांगत होती, जरा जास्तच मोठ्याने. आत्या खूश झाली. "आता जमलं बघ तुला." ते ऐकून पेइरूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुदायच्या बंदरावर बोट सुटायला अर्धा तास होता. आत्याने कालवांची भजी घेतली, एक पेइरूच्या तोंडात कोंबलं, आणि धक्क्यावर फडकं अंथरून दोन नाणी काढली.

"समुद्र म्हणजे काही ओढा नाही," ती म्हणाली. "कौल लावून घेऊ. तुझा बाप, आपला आहिओंग, इथवर आलाय ना, एवढंच विचारू."

एक छापा आणि एक काटा पडला तर होकार, दोन्ही सारखे पडले तर नाही. पेइरूने नाणी टाकली. दोन्ही छापे. पुन्हा टाकली. दोन्ही काटे.

"विचारलंस नीट? नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मग थांबला का हा? बोटीला घाबरला असेल. लहानपणापासून बोटीत बसला की आतडी बाहेर काढायचा." आत्याने कलशाशेजारी खारवलेलं सुकं आलुबुखार ठेवलं. "हे घे रे, तोंडात धर, मळमळत नाही. पोरी, टाक आता."

दोन्ही छापे.

आत्या नाण्यांकडे बघत राहिली. मग तिने तोंडावरचं फडकं खाली केलं आणि पेइरूकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. तसं तिला अजूनही गप्प बसता आलं असतं, चौथ्यांदा टाकून बघू म्हणता आलं असतं. पण वडिलांचा प्रश्न होता.

"आत्या, मोठा पूल मी सांगितला नाही."

"कुठला?"

"झुओश्वीचा. तू झोपली होतीस. गाडीत माणसं होती. मला लाज वाटली. आणि तुला खोटंच सांगितलं."

वाटलं होतं आत्या आता धक्का डोक्यावर घेईल. आत्याने उरलेलं भजं खाल्लं, बोटं पुसली, नाणी कनवटीला लावली.

"म्हणजे सकाळी साडेसहापासून तो तिथे उभा आहे," ती म्हणाली. "उन्हात. चल, ऊठ."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्याला आणायला. शेवटची बोट पावणेपाचला आहे."

"आत्या, ही बोट लागलीय. परत च्याई, परत नदी, परत इकडे. तुला झेपायचं नाही. तू पुढे जा, मी एकटी जाते."

"भाऊ माझाही आहे," आत्या म्हणाली आणि गाठोडं पाठीवर घेऊन चालायलाही लागली.

आता पुन्हा तीच बस, तेच थांबे, त्याच पाट्या, फक्त ऊन चढलेलं. बसमध्ये पाय ठेवताना पेइरू सवयीने म्हणाली, "बाबा, बसमध्ये चढायचंय."

"कुणाला सांगतेस?" आत्या मागून म्हणाली. "तो इथे नाही ना."

तिने टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं होतं, पण पेइरूला ते फार लागलं. सॅक तेवढीच जड होती. पट्टे तसेच खांद्यात रुतत होते. आणि आत कुणी नव्हतं. च्याईपर्यंत ती ते ओझं दोन्ही हातांनी धरून बसली.

दीडच्या सुमाराला त्या नदीच्या उत्तरेकडच्या थांब्यावर उतरल्या. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक, आणि समोर तो पूल. पत्रा असा तापला होता की सावलीतही उभं राहवेना. आत्याचा चेहरा लाल झाला होता, पायांना सूज आली होती, चपलेचा पट्टा कातडीत घुसला होता. पेइरूने तिला बळेबळे बाकावर बसवलं, पाणी पाजलं, चपला काढल्या. एवढ्या वेळात आत्याच्या तोंडून दमले हा शब्द एकदाही आला नव्हता.

"तू मला बोलत का नाहीस?" पेइरूने विचारलं.

"बोलून काय होणार? लाज वाटायच्या वयात लाज वाटते. मीसुद्धा माझ्या आईला नेताना दोन ओढे गाळले होते. सासरची माणसं बघत होती ना." आत्याने पाय चोळले. "मग पाच मैल मागे चालत गेले. तेव्हा बस नव्हती."

पेइरू तिच्या पायाशी जमिनीवर बसली. "मी परदेशी असायचे तेव्हा बाबांचा रोज एकच संदेश यायचा. पोचलीस का. बाकी काही नाही. मला वैताग यायचा. कुठे पोचायचं, मी तर फिरत होते. मी तीन-तीन दिवस उत्तर द्यायचे नाही."

"माहीत आहे. मग तो मला फोन करायचा. म्हणायचा, ताई, पोरगी पोचली की नाही कळत नाही. मी म्हणायचे, अरे, ती काय गाय आहे का वाट चुकायला? मग जेवायला बसायचा."

पेइरूला हे माहीत नव्हतं. ती उठली, छातीवरची सॅक नीट केली आणि पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. ट्रक धडाधड जात होते. बाबा नेमके कुठे उभे असतील ते तिला कळेना, म्हणून ती कठड्यापाशी, वाळूकडे, रस्त्याकडे, सगळीकडे बघत राहिली.

दक्षिणेकडे जाणारी गाडी वीस मिनिटांनी आली. चालवणारी बाई होती, उन्हासाठी हातांना लांब बाह्या चढवलेली. दार उघडलं. पेइरू पायरीवर चढली आणि मागे वळली.

"बाबा," ती म्हणाली. तेही हळूच. गाडी भरलेली होती, सगळे बघत होते. "बाबा, गाडी आलीय. पुढे पूल आहे. चढा."

"चढले का?" बाईने विचारलं.

"चढले असतील."

"असतील काय?" बाई म्हणाली. "ताई, माणसाला बोलवायचं तर नीट बोलवा. मी थांबते. उशीर झाला तर मी बघून घेईन."

मागून एक आजोबा म्हणाले, "ट्रकच्या आवाजात त्यांना काय ऐकू येणार? जोरात, पोरी." दुसरी एक बाई आपली पिशवी उचलून बाजूला झाली, वाटेत अडचण नको म्हणून.

पेइरूने दाराची दांडी धरली, अर्धी बाहेर झुकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली. "बाबा, मी पेइरू. सकाळी मी तुम्हाला सांगितलं नाही, चूक माझी आहे. तुम्ही इथेच थांबलात. आता मी न्यायला आलेय. पूल लांब आहे, खाली बघू नका, माझ्याबरोबर या. घरी जायचंय."

गाडीत कुणी हसलं नाही. दार तसंच उघडं राहिलं, गरम वारा आत आला. मग ड्रायव्हरबाईने आरशात एकवार बघितलं, दार लावलं, आणि तो सबंध पूल तिने सायकलच्या वेगाने ओलांडला. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. ती म्हणाली, "वाजवू देत." पेइरू टोकापासून टोकापर्यंत बोलत होती. बाबा, अर्धा झाला. बाबा, खाली कलिंगडं आहेत. बाबा, थोडाच राहिला. आत्या पहिल्या सीटवर बसून डोळ्यांना फडकं लावत होती.

बुदायला पोचल्या तेव्हा बोटीचा भोंगा झाला होता. आत्याच्या पायात चपला मावत नव्हत्या, त्या हातात घेऊन ती अनवाणी धावली. पण नाणी टाकल्याशिवाय चढायचं नाही, यावर ती अडून बसली. धक्क्यावरच्या माणसाने दोर धरून ठेवला, म्हणाला, "टाका, टाका, पण लवकर." पेइरूने नाणी टाकली. एक छापा, एक काटा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्या माणसाने पेइरूला दंडाला धरून बोटीवर घेतलं.

समुद्र खवळलेला होता. निम्मी माणसं पिशव्यांत तोंड घालून बसली होती. आत्या बसल्याबसल्या पेइरूच्या खांद्यावर कलंडली आणि तोंड उघडं टाकून झोपली. बारा तास ती चालली, उभी राहिली, धावली, आणि अजून घरी जाऊन नैवेद्य मांडायचा होता. पेइरूने तिचे सुजलेले पाय आपल्या पाठीवरच्या जुन्या सॅकवर ठेवले. या बाईसमोर आपले तेरा देश म्हणजे अंगणातलं फिरणं, असं तिच्या मनात आलं आणि त्याचं तिला वाईट वाटलं नाही, अभिमानच वाटला, की ही माझी आत्या आहे.

आणि ती बाबांशी बोलत राहिली. आधी सांगायचं म्हणून सांगितलं. बाबा, लाट मोठी आहे, धरून बसा. बाबा, ते आलुबुखार चघळा. मग सांगायचं संपलं तरी ती थांबली नाही. कुठल्या देशात काय खाल्लं, कुठे पैसे चोरीला गेले आणि त्यांना कळू दिलं नाही, कुठल्या डोंगरावर त्यांचा संदेश वाचून फोन खिशात टाकला आणि नंतर रात्रभर झोप आली नाही. दहा वर्षांत बोलली नसेल एवढं ती त्या दीड तासात बोलली. शेजारचा माणूस सरकून बसला, तिला जास्त जागा व्हावी म्हणून.

फंघूचं माकुंग बंदर आलं तेव्हा सूर्य अजून दोन हात वर होता. घर बंदरामागच्याच गल्लीत. "बाबा, उतरायचं. बाबा, फळी ओली आहे. बाबा, डावीकडे." आत्या पुढे लंगडत गेली, कुलूप काढलं, दोन्ही दारं सताड उघडली, आत दिवा लावला. पेइरू दारापर्यंत आली आणि उभी राहिली.

आता एकच सांगायचं उरलं होतं. घर आलं, आत या. ते सांगितलं की काम झालं. मग वळण नव्हतं, पायरी नव्हती, पूल नव्हता. सकाळी ज्या हाकेची तिला लाज वाटत होती ती हाक आता शेवटची होती, आणि ती तिच्या तोंडून निघेना. ती तशीच उभी राहिली, छातीवरचा कलश दोन्ही हातांनी कवटाळून.

गल्लीतल्या भिंतीवरचं ऊन वर सरकू लागलं. आत्या उंबऱ्याच्या आतून बघत होती.

"पेइरू," मग ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिने नावाने हाक मारली. "ऊन चाललं. सांग त्याला. तू सांगितल्याशिवाय तो यायचा नाही, आणि दमलाय गं तो."

पेइरूने डोळे पुसले. "बाबा," ती म्हणाली, सबंध गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "घर आलं. उंबरा उंच आहे, पाय उचला. आत या."

ती उंबरा ओलांडून आत गेली. आत्याने कलश तिच्याकडून घेतला, त्यांच्या आईबापांच्या कलशांशेजारी ठेवला आणि उदबत्ती लावली.

"आता काय सांगायचं त्यांना?" पेइरूने विचारलं.

"आता काही नाही," आत्या म्हणाली. "पोचला तो."

पेइरू रिकामी सॅक छातीवर तशीच ठेवून खाली बसली, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मोठ्याने रडली. आत्या नैवेद्याचं गाठोडं सोडत होती, ती मध्ये पडली नाही.